वशिल्याचें तट्टू

गेल्या महिन्यांत तलासरीच्या बाजारांत एका म्हाताऱ्या वारली बांधवानें आम्हांस गांठलें. त्याची नात बारावी झाली आहे, व पाड्यावरच्या अंगणवाडींत सेविकेची जागा निघणार असें त्याच्या कानावर आलें होतें. नातीला गुण किती पडले हें त्यानें सांगितलें नाहीं. अर्ज कोठें मिळतो, शेवटची तारीख कोणती, हेंही विचारलें नाहीं. "कोणाला भेटायचें?" एवढाच त्याचा प्रश्न. आम्ही म्हणालों, "बाबा, ही जागा बारावी पास झालेल्या, त्याच गांवच्या बाईस गुणांच्या यादीवरून मिळते. पोरीला अर्ज करूं द्या." म्हातारा आमच्याकडे पाहून हंसला. मास्तराला जगाची कांहीं खबर नाहीं, असा त्या हंसण्याचा अर्थ होता.

त्या म्हाताऱ्यास आम्ही दोष देत नाहीं. जन्मभर जें पाहिलें तेंच तो बोलला. आमचा प्रश्न ज्यांच्या दारांत असे म्हातारे जाऊन उभे राहतात त्या आपल्याच पुढाऱ्यांस आहे, आणि त्यांना पुढारी करणाऱ्या आपणां सर्वांसही आहे.

नोकऱ्या एकाच जातीच्या घरांत जातात ही बहुजन समाजाची तक्रार फार जुनी. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं जें निवेदन दिलें त्यांत, गांवच्या शाळेचा मास्तर होईल तोंवर शेतकरी वर्गांतला असावा, नांगराचें रुमणें किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्याची त्यास लाज वाटूं नये, असें मागणें केलें होतें. हें पुष्कळांस ठाऊक आहे; सभांतून तें सांगितलेंही जातें. पण तो मास्तर शिकवून तयार केलेला असावा, हेंही जोतीरावांनीं त्याच दमांत मागितलें होतें. ही दुसरी अर्धी गोष्ट सभांतून गळते. ती कां गळते, हें वाचकांनीं ओळखावें.

कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं २६ जुलै १९०२ रोजीं हुकूम काढला कीं, रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्या, आणि प्रत्येक खात्याच्या मुख्यानें दर तीन महिन्यांनीं त्याचा तक्ता पाठवावा. तक्ता पाठवावा, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. नुसती इच्छा दाखवून ते थांबले नाहींत, हिशेब मागितला. त्याच्या आगेंमागें त्यांनीं बोर्डिंगें काढलीं, १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, आणि १९१८ सालीं कुलकर्ण्यांचीं वतनें बंद करून पगारी तलाठी नेमले. वतनाचा दोष काय होता? बापाची दप्तरी मुलाकडे जाई. मुलास खातेवही वाचतां येते कीं नाहीं, हें कोणी विचारीत नसे. शेतकऱ्याचें बरेंवाईट ज्या कागदावर अवलंबून, तो कागद ज्याच्या हातीं, त्याची परीक्षा एकच, तो कोणाच्या पोटीं जन्मला ही.

तें वतन मेलें असें आपण समजतों. आमच्या मतें तें मेलें नाहीं, त्यानें पागोटें काढून जाकीट घातलें. आज वतनदारास कोणी संस्थेचे अध्यक्ष म्हणतात, कोणी सभापति म्हणतात, कोणी नुसतेंच "साहेब" म्हणतात. कुलकर्ण्याचा भाचा गेला आणि पाटलाचा भाचा आला. गरिबाच्या पोरास त्यांत काय मिळालें?

येथें कोणी आम्हांस अडवील कीं, वरच्या जातींनीं पिढ्यान्‌पिढ्या आपलीं माणसें चिकटविलीं, मग आमच्या एका माणसानें आपला एक भाचा लावला तर बिघडलें कोठें? बिघडलें तें असें. डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रांत आहेत. येथें वशिल्यानें भरलेली एक जागा कोणा पुण्याच्या शास्त्रीबोवाच्या ताटांतून जात नाहीं. ती सायवनच्या नाहींतर उधव्याच्या पाड्यावरील, दिव्याखालीं अभ्यास केलेल्या, एखाद्या पोरीच्या ताटांतून जाते. भाचा आपला म्हणून गोड वाटतो. पण ज्याचें गेलें तोही आपलाच.

आणि राखीव जागा व वशिला हीं एकच आहेत, असें जे शहाणे बोलतात त्यांनाही येथेंच उत्तर देऊन ठेवतों. राखीव जागेस जाहिरात असते, अट असते, यादी असते, आणि ती यादी कोणीही वाचूं शकतो. वशिल्यास यांतलें कांहीं नसतें. अनुसूचित क्षेत्रांतील शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक वगैरे १७ संवर्गांच्या जागा स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भराव्या, अशी राज्यपालांची अधिसूचना होती. आंध्रांतील अशाच शिक्षकांच्या शेंकडा शंभर राखीव जागा सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २०२० मध्यें घटनाबाह्य ठरविल्या. त्यानंतर आपल्याकडील भरतीही न्यायालयाच्या दारांत अडकली. परीक्षा दिलेलीं मुलें वाट पाहत बसलीं, उपोषणें झालीं, आणि ४ ऑक्टोबर २०२४ रोजीं तर आदिवासी आमदारांनीं मंत्रालयांतील जाळीवर उड्या घेतल्या. शेवटीं मानधनावर घेण्याची तोड निघाली. त्याआधीं जुलै २०२३ मध्यें रिकाम्या जागांवर सेवानिवृत्त शिक्षकांस २० हजार रुपये मानधनावर बोलाविण्याचा सरकारी निर्णय झाला होता, म्हणजे डी.एड. झालेली पोर ओटीवर बसलेली आणि पेन्शन खाणारे गुरुजी पुन्हा फळ्यापुढें. राखीव जागेचा माणूस असा नियमाच्या दारांत वर्षानुवर्षें उभा असतो. वशिल्याचा माणूस परसदारानें कधींच आंत जाऊन चहा पीत बसलेला असतो.

त्याहूनही वाईट चोरी एक आहे, ती खोट्या दाखल्याची. आदिवासी नसून आदिवासी म्हणून जागा घेणाऱ्यांस अभय नाहीं, दाखला खोटा ठरला कीं नोकरीही गेली, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें ६ जुलै २०१७ रोजीं दिला. तेव्हां वाटलें, आतां हजारों जागा खऱ्या हक्कदारांस मोकळ्या होतील. पण २१ डिसेंबर २०१९ रोजीं राज्य सरकारनें अशा नोकरांसाठीं अधिसंख्य पदें निर्माण करून त्यांना त्यांवर बसविलें. चोर सांपडला, आणि त्याच्यासाठीं ओसरीवर निराळा पलंग घातला.

आतां लायकीची गोष्ट बोलूं. आमचे शेतकरी व कारागीर वाचक लायकी म्हणजे काय हें कॉलेजांतल्या प्रोफेसरापेक्षां चांगलें जाणतात. लोहाराचा पोरगा आधीं भाता ओढतो, मग सांडशी धरतो, आणि घण त्याच्या हातीं यावयास वर्षें जातात. बाप लोहार आहे म्हणून पहिल्याच दिवशीं त्यास फाळ शेवटूं देत नाहींत. कारण फाळ बिघडला तर गिऱ्हाईक दुसऱ्या गांवीं जाईल. कुंभार आपल्या लेकाचें कच्चें मडकें लेकाचें म्हणून बाजारांत मांडीत नाहीं. स्वतःच्या धंद्यांत इतके कडक असणारे आम्ही, शाळेचा मास्तर नेमतांना मात्र "आपला आहे, सांभाळून घ्या" म्हणतों. याचें कारण उघड आहे. मडकें फुटलें तर संध्याकाळीं कळतें. पोर बिघडलें तें कळावयास दहा वर्षें लागतात, आणि तोंवर नेमणारा अध्यक्ष आमदारकीस उभा राहिलेला असतो.

आमच्या नोकरीच्या आरंभीं, वीसएक वर्षांपूर्वीं, आम्ही एका खाजगी संस्थेच्या शाळेंत होतों. संस्था व गांव यांचीं नांवें आम्ही घेत नाहीं. अध्यक्षांचा एक भाचा आमच्यांत गणित शिकविण्यास होता. अपूर्णांकांचा भागाकार त्यास येत नव्हता. येत नव्हता म्हणजे शिकवितां येत नव्हता असें नव्हे, स्वतःसच येत नव्हता. मुलांनीं विचारलें कीं तो पुस्तकाच्या मागचें उत्तर फळ्यावर लिहून खडू ठेवी. आम्ही सारे जाणत होतों. मुख्याध्यापक जाणत होते. शिक्षकांच्या खोलींत हळूच हंसणें होई, आणि दाराशीं तो आला कीं सर्वजण वहींत डोकें घालीत. कोणी त्यास सांगितलें नाहीं, आम्हीही नाहीं. आम्हांस त्या वेळीं शिक्षणसेवकाचे महिना ३,००० रुपये मिळत व कायम होण्यास अध्यक्षांची सही लागे, हें आमच्या भित्रेपणाचें कारण आहे, समर्थन नव्हे.

तो भाचा वाईट मनुष्य नव्हता. हेडमास्तरांची बंद पडलेली फटफटी तो मधल्या सुट्टींत उलगडून पुन्हा जोडून देई, आणि त्या वेळीं त्याचा चेहरा वर्गांतल्या चेहऱ्याहून अगदीं निराळा दिसे. मामानें त्यास गॅरेज काढून दिलें असतें तर गांवास एक उत्तम मिस्त्री मिळाला असता. पण मामास भाच्यापेक्षां आपल्या हुकुमाची हौस अधिक. पुढें संस्थेची निवडणूक झाली, अध्यक्ष बदलले, आणि नव्या अध्यक्षांनीं या भाच्यास एका दिवसांत घरीं बसविलें. चौकशी नाहीं, नोटीस नाहीं, समज नाहीं. आम्हांस क्षणभर आनंद झाला, हें कबूल करतों. पुढच्या सोमवारीं त्या जागेवर नव्या अध्यक्षांचा मेहुणा आला. त्या तीन वर्षांच्या तुकडींतलीं मुलें मात्र पुढें गणितांतच अडलीं. त्यांतील दोघे आज आम्हांस वापीच्या गाडीला लोंबकळतांना दिसतात व नमस्कार करतात. तो नमस्कार घेतांना आम्हांस बरें वाटत नाहीं.

त्या वेळीं कोणी आरंभींच भाच्यास बाजूला घेऊन नीट बोललें असतें, तर कदाचित् तो शिकला असता, किंवा स्वतःच निघून गेला असता. आम्हीं मागून हंसलों. मागून हंसणें ही या धंद्यांतली फार मोठी हरामखोरी आहे, असें आम्हांस आतां वाटतें.

याच्या उलट एक हकीकत आहे. पुढें जिल्हा परिषदेच्या एका शाळेंत आमचे एक सहकारी होते. गुणवत्तेनें लागलेले, सर्व कागद चोख, अक्षर मोत्यासारखें. पण पहिलीचीं वारली मुलें त्यांच्यापुढें मुकीं बसत. गुरुजी पुस्तकी मराठी बोलत, मुलांच्या घरची बोली निराळी. वर्ष संपलें तरी मुलांस अक्षर येईना, आणि "मठ्ठ जात" म्हणून गुरुजी मोकळे. लोकांनीं अर्ज करावयाचें ठरविलें. आम्हीं त्यांस थांबविलें व गुरुजींस तोंडावर सांगितलें कीं, मुलें मठ्ठ नाहींत, तुमचें बोलणें त्यांस कळत नाहीं. ते रागावले, आठ दिवस आमच्याशीं बोलले नाहींत. मग एके दिवशीं आपण होऊन आमच्या वर्गांत मागें येऊन बसले. पाड्यावरची एक आजी शाळेंत येऊन गोष्टी सांगूं लागली, गुरुजी तिचे शब्द वहींत टिपून घेऊं लागले. दुसऱ्या वर्षीं तीच मुलें वाचूं लागलीं. लावणीच्या ओळींत नवखी पोर असली तर बाया तिला दोन सराईत बायांच्या मध्यें उभी करतात. तिला हांकून देत नाहींत, किंवा तिची ओळ रिकामी सोडून पुढेंही जात नाहींत.

ही रीत डहाणूच्या भूमीला नवी नाहीं. १९४५ सालीं बोर्डीस ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें, १९५७ सालीं तें कोसबाडास नेलें. मुलें गुरांमागें रानांत जातात, शाळेंत येत नाहींत, तर शाळाच कुरणांत नेली. मोठ्या पदव्या नसलेल्या गांवच्या मुलीबायकांस त्यांनीं हाताशीं धरून बालशिक्षणाच्या कामास तयार केलें. पण तयार केलें, हें महत्त्वाचें! कोणाची सून म्हणून वर्गापुढें उभें केलें नाहीं.

ज्यास येत नाहीं त्यास शिकवावें, जो आजारानें किंवा घरच्या दुःखानें खचला त्यास कांहीं काळ सांभाळावें. पण ज्यास येतें, जमतें, आणि तरी जो करीत नाहीं, त्याचें काय? अकरा वाजतां येऊन दोन वाजतां जाणारा, पगारांतले चार पैसे देऊन बदली माणूस उभा करणारा, विचारलें तर "माझा मामा कोण ठाऊक आहे ना?" म्हणणारा? मे १९४५ मध्यें याच तलासरींतील झरी गांवीं वारली बांधवांनीं सभा भरवून वेठ करणार नाहीं अशी शपथ घेतली. दामाशिवाय काम नाहीं, असा तिचा अर्थ होता. गोळ्या खाऊन त्यांनीं ती पाळली. त्यांच्या नातवंडांच्या शाळेंत आज कोणी कामाशिवाय दाम घेत असेल, तर ती वेठ उलट फिरून त्याच पोरांच्या मानेवर बसली म्हणावयाची.

अशा मनुष्यास काढण्याचा मार्ग कायद्यांत आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २४ व्या कलमांत शिक्षकानें नियमित व वेळेवर यावें, अभ्यासक्रम पुरा करावा, प्रत्येक मुलाची समज पाहून जादा शिकवावें, हीं कर्तव्यें लिहिलेलीं आहेत. तीं न केल्यास त्याचें म्हणणें ऐकून घेऊन शिस्तीची कारवाई होते. त्याच कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत चारांपैकीं तीन सभासद पालक व एकंदरींत निम्म्या बाया असाव्या, असें ठरविलें. १९९६ च्या पेसा कायद्यानें गांवांतील अशा संस्था व त्यांतील नोकर यांजवर ग्रामसभेस नियंत्रण दिलें. म्हणजे हाजरीचें पुस्तक पाहण्याचा अधिकार तुमचा आहे. पण बहुतेक समित्यांची बैठक कागदावर भरते, व अंगठे घरोघर जाऊन घेतले जातात. अंगठा द्यावयाच्या आधीं वर काय लिहिलें आहे तें चौथींतल्या पोरास वाचावयास सांगा. त्यास वाचतां आलें नाहीं, तर बैठकीस विषय सांपडला.

मास्तरांच्या बाजूनें एक बोलणें अवश्य आहे, नाहींतर आमचे जातभाई आम्हांस घरांत घेणार नाहींत. पुष्कळ वेळां मास्तर वर्गांत नसतो तो मतदारयादी घेऊन पाड्यापाड्यांवर हिंडत असतो, नाहींतर रेंज शोधीत टेकडीवर मोबाइल धरून माहिती भरीत असतो. ६० पर्यंत मुलांस दोन शिक्षक हवेत असा नियम आहे, आणि त्या दोघांनीं मिळून पांच वर्ग चालवावयाचे! त्याला आळशी म्हणण्यापूर्वीं गांवानें त्याच्यासाठीं त्याच ग्रामसभेंत ठराव करावा कीं हीं बिनशाळेचीं कामें कमी करा.

शेवटीं आमच्या स्वतःच्या लायकीबद्दल. सर्वोच्च न्यायालयानें १ सप्टेंबर २०२५ रोजीं निकाल दिला कीं, निवृत्तीस पांच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या जुन्या शिक्षकांनींही दोन वर्षांत टी.ई.टी. म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा उतरली पाहिजे, नाहींतर घरीं बसावें. आमची नेमणूक या परीक्षेच्या आधींची. महाराष्ट्रांत ती पहिल्यानें झाली २०१३ सालीं. आमच्या सोबत्यांत मोठा कल्लोळ आहे. वीस वर्षें शिकविलेल्यास आतां काय तपासतां, असें ते म्हणतात, आणि त्यांत कांहीं खोटें नाहीं. शिवाय ही परीक्षा तरी सोंवळी राहिली होती काय? २०१९-२० सालच्या परीक्षेंत पैसे घेऊन नापासांस पास केल्याचें पुणें पोलिसांनीं डिसेंबर २०२१ मध्यें उघडकीस आणलें, परीक्षा परिषदेच्या आयुक्तांसच अटक झाली, आणि पुढें ७,८०० हून अधिक उमेदवारांवर परिषदेनें कारवाई केली. तरीही आम्ही परीक्षेस बसणार. भाच्याचे भागाकार ज्यानें पाहिले त्यानें आपला भागाकार दाखविण्यास कां भ्यावें?

१५० गुणांचा पेपर, पैकीं शेंकडा ६० हवेत, मागासवर्गीयांस ५५. आमची एक जुनी विद्यार्थिनी, कुंभाराची मुलगी, डी.एड. होऊन ही परीक्षा कधींच उतरली आहे व नेमणुकीची वाट पाहते आहे. दर रविवारीं सकाळीं आम्ही तिच्या ओटीवर वही घेऊन बसतों. तिचा बाप चाकावर असतो व मध्येंच आमच्याकडे पाहून घेतो. बालमानसशास्त्रांत आमचे गुण बरे येतात. गणितांत गेल्या आठवड्यांत तीसपैकीं एकोणीस आले; तिनें लाल पेन्सिलीनें चुका दाखविल्या आणि तीं उदाहरणें पुन्हा करून आणावयास सांगितलीं आहेत.